डॅशबोर्डमधली आत्या

१५ मार्च, रविवार

नवी वही. जुन्या वहीत मागच्या वर्षीचे संकल्प आहेत, त्यामुळे ती उघडावीशी वाटत नाही. ही वही फक्त माझ्यासाठी. दुसरं कोणी (म्हणजे दिपेश) वाचत असेल तर त्याने मिटून होती तिथे ठेवावी.

तेजलचं लग्न ठरलं. हळद ९ मे, लग्न १० मे. मुलगा हेमचंद्र, अंबरनाथचा. कमी बोलतो. मला पसंत आहे.

आज घरात कामं वाटली. मंडप आणि जेवण बाबांकडे. डीजे दिपेशकडे, तो माझा चुलतभाऊ आणि त्याचा आवाज मुळातच डीजेसारखा. माझ्याकडे एकच काम आलं. वांगणीला जाऊन सरस्वती आत्याला मानाने बोलावून आणायचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण आणि आमच्या भावकीची धवलारीण. हळदीला मंडपात बसून ती धवले म्हणते, लग्नाची जुनी गाणी. आधी एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. तेजलने फक्त एवढंच मागितलं आहे. म्हणाली, दादा, बाकी काही नको, पण आईला बोलवायला आत्या पाहिजे.

अडचण किरकोळ आहे. आत्या वर्षभर आमच्या दारात आलेली नाही. दिपेशच्या हळदीला धवले चालू असताना कोणीतरी तिला काहीतरी बोललं आणि ती तशीच उठून गेली. घरात सगळ्यांचं मत, डीजेवाला उद्धट होता. त्या दिवशी कार्यक्रमाचं वेळापत्रक माझ्याकडे होतं, त्यामुळे मी जवळच उभा होतो. माझंही मत तेच आहे.

शिरगाव ते वांगणी, गाडीने अर्धा तास. पुढच्या रविवारी उरकून टाकतो.

१७ मार्च, सकाळी ६.५०

नुसतं जाऊन 'चल' म्हणणं बरोबर दिसणार नाही. दोन दिवस विचार केला. योजना तयार आहे.

त्या हळदीतलं आत्याच्या धवल्याचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. अठ्ठेचाळीस सेकंद. आत्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, काचा वर, एसी बंद, आणि तिचा आवाज तिलाच ऐकवायचा. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना ऐकवलं, स्वतःला कधी ऐकलेलं नाही. ती विरघळणार. मग मला फारसं बोलावं लागणार नाही. हा या योजनेचा मुख्य फायदा.

संध्याकाळी ७.१५

गाडीत लावून पाहिलं. कंपनीचे स्पीकर दारात, खाली आहेत. आत्याचा आवाज माझ्या पोटरीतून येतो. शब्द एक कळत नाही. असं ऐकवलं तर ती आणखी एक वर्ष येणार नाही. दोष योजनेचा नाही, स्पीकरचा आहे.

डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत जाळ्या आहेत. जाळीखाली कंपनीने काहीच बसवलेलं नाही, नुसती पोकळी. गाडी घेतल्यापासून दर रविवारी मी त्या जाळ्या ब्रशने साफ करतो. कशासाठी, ते आज कळलं.

१९ मार्च, गुढीपाडवा

संकल्प. डॅशबोर्डमध्ये साडेतीन इंची फुल-रेंज स्पीकरच बसवायचे. फुल-रेंज म्हणजे जाड-बारीक सगळे सूर एकाच पडद्यातून. दारात जाड आवाजाचा एक आणि वर बारीक आवाजाचा एक असे दोन लावले की माणसाचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे होतात. आत्या अखंड पाहिजे. २९ मार्चपर्यंत फिटिंग, ५ एप्रिलला वांगणी. नखं खाणं आजपासून बंद.

बाबांनी आत्याचा मान काढून दिला: नारळ, सुपारी, हिरवं लुगडं. म्हणाले, आज सणाचा दिवस आहे, आजच जाऊन ये, ती नाही म्हणणार नाही. मी पिशवी डिक्कीत ठेवली. गेलो नाही. सणाच्या दिवशी न कळवता जाणं म्हणजे यजमानांची गैरसोय.

तेजलला फुल-रेंजची कल्पना वीस मिनिटं समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आत्याला फोन केलास का?

तांत्रिक विषयांत मुलींना रस कमी असतो. (हे खोडलं. ती बी.एस्सी. आहे आणि मी आयटीआय दुसऱ्या वर्षी सोडलं.)

२२ मार्च, रविवार

उल्हासनगर. कॅम्प तीनमध्ये चंदूसेठचं दुकान, सीट कव्हर, हॉर्न, स्पीकर सगळं मिळतं. कंपनीतून (मी अंबरनाथ एमआयडीसीत क्वालिटी चेकिंगला आहे) व्हर्नियर कॅलिपर डब्याच्या पिशवीतून आणला होता. उद्या परत ठेवायचा. भोक ८७ मिलिमीटर, खोली ४६, त्याखाली एसीचा डक्ट. मी प्रत्येक स्पीकरचं मॅग्नेट मोजायला लागलो तसा चंदूसेठ काउंटरवरून वाकून बघायला लागला. साईं, म्हणाला, पच्चीस साल से धंधा कर रहा हूँ, स्पीकर की बीमारी नापने कोई नहीं आया.

चार जोड्या बाजूला काढल्या. प्रत्येकीवर आत्याची क्लिप लावायला सांगितली. अकराव्या वेळी सीट कव्हर घ्यायला आलेलं एक कुटुंब न घेता गेलं. चंदूसेठने विचारलं, ये अम्मा कौन है? मी म्हणालो, माझी आत्या. तो म्हणाला, गुजर गई क्या? मी म्हणालो, नाही, वांगणीला असते. त्याने वायर काढून हातात घेतली आणि माझ्याकडे बघतच राहिला. जिंदा है? तो साईं, वांगणी जा ना. इधर क्या सुन रहा है?

ग्राहकाची गरज समजून न घेणारा दुकानदार. तरी निघताना मी त्याला पाटीवर 'अॅक्सेसरीज'मधला एक 'स' कमी असल्याचं सांगितलं. सांगणं कर्तव्य होतं.

निर्णय झाला नाही. चारही जोड्यांच्या नोंदी घेतल्या आहेत.

२५ मार्च

नोंदी चार वेळा वाचल्या. पहिल्या जोडीत आत्या खोलीत वाटते, दुसरीत बादलीत. तिसरीत सर्दी झाल्यासारखी. चौथी उत्तम, पण मॅग्नेटची खोली ४५.५. अर्धा मिलिमीटर मोकळी जागा. कंपनीत मी एवढ्यावर माल रिजेक्ट करतो.

२८ मार्च

चौथी घेतली.

२९ मार्च, रविवार

बसत नाही. डक्टच्या वर प्लास्टिकच्या पकडीचा एक दात आहे, तो मी मोजला नव्हता. तो कंपनीने मुद्दाम लपवून ठेवल्यासारखा आहे.

चंदूसेठने न बोलता बदलून दिली. म्हणजे बोलला, पण सिंधीत, आतल्या खोलीकडे तोंड करून. आतून कोणीतरी बाई जोरात हसली. दुसरी जोडी आणली (बादली). जाळीखाली फेल्ट (जाड लोकरी कापड) लावल्यावर बादली कमी होईल असं माझं मत.

१ एप्रिल

बसवले! दोन्ही. एकही ओरखडा नाही. प्लस-मायनस दोनदा तपासले. आता फक्त स्पीकर खुलायचे आहेत. नवीन पडदा कडक असतो, चाळीस तास वाजल्याशिवाय मोकळा होत नाही असं एका व्हिडिओत सांगितलं आहे. कडक पडद्यावर आत्याला ऐकवणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

बाबांनी विचारलं, रविवारी जातोयस ना वांगणीला? मी म्हणालो, हो. तोंडातून पटकन निघालं.

४ एप्रिल

तास झाले: ३१. गाडी बिल्डिंगखाली उभी करून चालू ठेवतो. क्लिप फिरून फिरून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, यज्ञेश, कुणाकडे काही झालंय का रे, सकाळपासून बायकांचा आवाज येतोय. मी म्हणालो, नाही काकू, खुलतायत. त्या आत गेल्या आणि गॅलरीचं दार लावलं.

५ एप्रिल, रविवार

बॅटरी उतरली.

दिपेश त्याच्या गाडीवरून करंट द्यायला आला. त्याच्या डिक्कीत दोन मोठे सबवूफर आहेत. ते लावले की त्याची नंबर प्लेट थरथरून दिसेनाशी होते. त्याने माझे स्पीकर ऐकले आणि विचारलं, चालू आहेत ना? मग म्हणाला, यज्ञ्या, एवढ्या टायमात मी आत्याला खांद्यावर बसवून आणली असती. जा ना यार, सॉरी बोल आणि घेऊन ये. मी विचारलं, सॉरी कशाबद्दल? तो म्हणाला, मला काय माहीत, मोठ्या माणसाला आधी सॉरी बोलायचं, कारण ते सांगतात.

वांगणी रद्द. बॅटरी हे खरं कारण आहे, सबब नव्हे.

९ एप्रिल

नवीन समस्या. ब्रेक दाबला की मागून खोल गडगड. साधारण ६० ते ८० हर्ट्झ. फुल-रेंजमधून एवढा खोल आवाज येणं शक्य नाही. तरी येतो.

११ एप्रिल

गडगड कायम. दोन्ही स्पीकर काढून परत बसवले. जाळीखाली जाड फेल्ट. वायरवर टेप. गडगड कायम.

१२ एप्रिल, रविवार

नारळ.

आत्याच्या मानाचा नारळ पिशवीतून निसटून डिक्कीत इकडून तिकडे फिरत होता. काढून घरात देवाजवळ ठेवला. लुगडं आणि सुपारीची पिशवीही वर नेली, कारण प्लास्टिकची होती आणि चुरचुरत होती. आता गाडी पूर्ण शांत आहे. एवढ्या शोधानंतर आजच वांगणीला जाणं म्हणजे स्वतःला विश्रांती न देणं.

१६ एप्रिल

बरोबर समोर बसून ऐकलं. आत्याचा आवाज गाडीत येत नाही. समोरच्या काचेवर आपटून बाहेर जातो. डोळे मिटले की आत्या बोनेटवर बसून गाते असं वाटतं. पासष्ट वर्षांच्या बाईला बोनेटवर बसवणं मला मान्य नाही.

१९ एप्रिल, रविवार

सापडलं. उजव्या स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, मधल्या मधे आवाज विरतो. दोनदा तपासूनही असं झालं, कारण वायरीचे रंग दिशाभूल करणारे आहेत (दोन्ही काळ्या, एकीवर पांढरी रेघ आहे, पण बारीक).

सुलट केल्या. क्लिप लावली.

हे लिहायलाच पाहिजे. आत्या समोर आली. डॅशबोर्डच्या बरोबर मध्यभागी, स्टिअरिंगपासून वीतभर उजवीकडे. (डावीकडे. मी ड्रायव्हर सीटवर होतो.) ओळ संपली की ती श्वास घेते, तो ऐकू येतो. बांगड्या येतात. मागे एक बाई खोकते. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, सगळे शब्द सुटे. मी तीन वेळा ऐकलं आणि थोडा वेळ गाडीतच बसून राहिलो.

नोंद: एकेचाळिसाव्या सेकंदाला एक पुरुषाचा आवाज येतो. मोबाइलच्या अगदी जवळून. बहुधा डीजेवाला.

२० एप्रिल

पुन्हा ऐकलं. चाळिसाव्या सेकंदाला थांबवलं.

२१ एप्रिल

ठरलं: आत्याला चाळीस सेकंदच ऐकवायची. पुढच्या आठ सेकंदांत संगीताच्या दृष्टीने काही नाही. कापायला गेलो तर मूळ फाइलच जाण्याची भीती वाटते, म्हणून अंगठा बटणावर ठेवायचा. सराव केला. वीसपैकी एकोणीस वेळा बरोबर थांबलं.

२६ एप्रिल, रविवार

तेजल आज बोलली नाही. म्हणजे आधी खूप बोलली, मग बोलली नाही.

झालं असं, की मी अजून वांगणीला गेलेलो नाही हे बाबांना कळलं. बाबांनी उठून देवाजवळचा नारळ कानाजवळ धरून हलवला आणि खाली ठेवला. तेजलने कोणाकडून तरी विठ्ठलवाडीच्या एका धवलारणीचा नंबर घेतला होता, तिला माझ्यासमोरच फोन लावला. ती बाई मोकळी होती, यायला तयार होती. सगळं ठरत आलं. मग तिने विचारलं, नवरीच्या आईचं नाव काय? तेजल म्हणाली, उमा. तिकडून विचारलं, आडनाव? आणि कशाने गेली? वहीत लिहावं लागतं. तेजलने फोन ठेवला.

मग मला म्हणाली, दादा, तुला आत्याला आणायचंच नाहीये का? तसं सांग. मी म्हणालो, आता फक्त फेल्टचा एक थर राहिलाय. ती म्हणाली, पुढच्या रविवारी मी गाडीत बसणार. तू चालव किंवा नको चालवू, मी गाडीत बसून राहणार.

नखं: उजव्या हाताची पाचही. डावा हात शाबूत.

३ मे, रविवार, दुपारी

सगळं नीट लिहितो. क्रमाने.

साडेनऊला निघालो. तेजल मागच्या सीटवर. गाडीचा आवाज आदर्श. तापमान, काचा, सगळं ठरल्याप्रमाणे. वांगणीला आत्याच्या घरासमोर आता सात मजली बिल्डिंग उभी राहतेय. आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. तेजलला बघून टोपली बाजूला ठेवली. मला बघून परत घेतली.

मी तयार केलेलं वाक्य म्हणालो: आत्या, पाच मिनिटं गाडीत बसतेस का? ती म्हणाली, कुठं नेतंस? मी म्हणालो, कुठेच नाही, उभ्या गाडीत. ती तेजलकडे बघून म्हणाली, याचा बापूस पन असाच, उभ्या गारीतून गाव दाखवनारा. पण बसली. पुढच्या सीटवर, मांडी घालून. मी काचा वर केल्या. अंगठा बटणावर ठेवला. लावलं.

मी तिच्याकडे बघत होतो. पहिल्या ओळीला तिने मान वर केली. गावदेवीच्या ओळीला ओठ हलायला लागले. वीस सेकंद, तीस सेकंद. योजना शंभर टक्के बरोबर ठरत होती. एकोणचाळीसला मी अंगठा दाबायला गेलो तर आत्याने माझ्या हातावर फटका मारला. म्हणाली, थांब की रं, चाललंय ना माजं!

आणि मग एकेचाळिसावं सेकंद आलं. डॅशबोर्डच्या बरोबर मध्यभागी. श्वासासकट.

आत्या, बास झालं आता तुझं रडगाणं, डीजेवाल्याचा टाइम भरतोय.

फुल-रेंजला काही लपत नाही. शेवटचा 'य' सुद्धा ऐकू आला.

मोबाइलच्या माइकमध्ये आवाज बदलतो, हे सर्वांना माहीत आहे. मी तसं सांगायला तोंड उघडलं. मागच्या सीटवरून तेजल म्हणाली, दादा, तू? एवढंच म्हणाली.

आत्या म्हणाली, आवाज झ्याक हाय रं तुजा. त्या दिवशी एवरा साफ नव्हता आयकू आला.

गाडी फार शांत होती. ती मीच तशी केली होती. मी माफी मागितली असं धरायला हरकत नाही. मान खाली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि 'आत्या' हा शब्द तीन वेळा म्हटला. तिने विचारलं, मान आनलास? सगळे उतरलो, मी डिक्की उघडली. डिक्की स्वच्छ. नारळ घरी, लुगडं घरी, सुपारी घरी. मी म्हणालो, आवाज व्हायचा म्हणून काढून ठेवला. यावर आत्या हसली. म्हणजे आधी तोंडाला पदर लावला, मग ओट्याला टेकली, मग वालाची टोपली सांडली. तेजलही हसायला लागली आणि हसता हसता रडली, तेव्हा आत्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, येईन गं बाय, उमाला बोलवाया मी नाय तं कोन येनार? पन माज्या दोन अटी हायेत.

एक, नारळ आणून द्यायचा. दोन: धवले एकटीने म्हणता येत नाहीत. एकीने म्हणायचं, दुसरीने ओळ झेलायची, म्हणजे तीच ओळ मागून परत म्हणायची. आत्याची झेलणारी शेजारीण गुडघ्याचं ऑपरेशन करून मुलाकडे गेली आहे. आत्या म्हणाली, मना झेलनारा पायजे. रडगानं कसं असतं ते याला ठाव हाय. याला बसवतो.

मी म्हणालो, आत्या, ते बायका म्हणतात. आत्या म्हणाली, मंग लुगरं तूच नेस.

४ मे

कामावरून परस्पर वांगणी. नारळ दिला. आत्याने वाजवून बघितला आणि म्हणाली, पाण्याचा आवाज बारीक येतो. मी म्हणालो, साधारण दोन किलोहर्ट्झ. तिने तो फोडला आणि खोबऱ्याची चटणी केली.

सराव दीड तास. गणपतीपर्यंत पोचलो.

५ मे

गावदेवी, खंडोबा, एकवीरा. आत्या म्हणते माझा आवाज 'बंद डब्यातला' आहे. मी तोंड उघडत नाही. मी सांगितलं की तोंड एका ठरावीक कोनात उघडलं तर— तिने वालाची शेंग फेकून मारली.

६ मे

येता-जाता गाडीत टेप लावत नाही, ओळी म्हणत जातो. बदलापूरच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये शेजारच्या रिक्षावाल्याने काच खाली करायला सांगितली आणि विचारलं, भाऊ, लग्न कुणाचं?

७ मे

आज गेलेल्या माणसांच्या ओळी. आजोबा, आजी, मोठे काका. मग आत्या म्हणाली, आता उमा, आणि म्हणून दाखवली. आईला ती कुठून कुठून बोलावते हे मला माहीत नव्हतं: विहिरीवरून, भाताच्या खळ्यावरून, शाळेच्या गेटवरून जिथे ती आम्हा दोघांची वाट बघायची. मी विचारलं, हे धवल्यातच आहे? आत्या म्हणाली, नाय रं, यो मी घातला. जो गेला त्याला तो असायचा तिथून बोलवावा लागतो.

झेलता आली नाही. उद्या करू म्हणाली.

८ मे

झेलली. दोनदा. तिसऱ्यांदा घसा बसला. गरम पाणी, ज्येष्ठमध. स्पीकरच्या चौथ्या जोडीकडे परत जावं का, असा विचार आज एकदाही मनात आला नाही. हे लिहिताना आला.

९ मे, हळद

दुपारी चारपासून मंडपात. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला सोळा बायका आणि मध्ये मी, पिवळा कुर्ता. बायकांनी मला हळद जास्त लावली. एक काकू म्हणाल्या, नवरी कोणती ते कळू दे गं. दिपेश डीजेच्या गाडीवर चढून हे सगळं बघत होता. वेळापत्रकात धवल्यांना पन्नास मिनिटं होती. सव्वा तास झाला. डीजेवाल्याने बोट घड्याळावर ठेवलं तेव्हा दिपेशने त्याचा हात धरून खाली केला. त्याच्या हातून झालेलं हे पहिलं शांत काम.

आईचं नाव आलं आणि मी झेलायचं विसरलो. आत्याने कोपराने ढोसलं. बरगडीत. मग झेलली. तेजल समोर पाटावर होती. तिने डोळे मिटले होते.

आत्याला गाडीने वांगणीला सोडलं. वाटेत म्हणाली, टेप लाव की, तुजी एवरी मेहनत. लावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती झोपली.

घसा पूर्ण गेला आहे. हे लिहूनच सांगतोय, नाही तरी.

१० मे, लग्न. रात्री ८.२०, अंबरनाथहून परत आल्यावर

सगळं वेळेत. नवरा-नवरीला माझ्या गाडीतून न्यायचं असं हेमचंद्रकडच्यांनी स्वतःहून ठरवलं. गाडी साफ म्हणून.

शिरगावातून निघालो. मागे दोघं. मी आठ गाण्यांची यादी तयार ठेवली होती, फुल-रेंजला शोभतील अशी, सनई आणि एकच गळा. पहिलं लावायला हात पुढे केला. तेजल म्हणाली, दादा, हे नको ना. कालचं लाव. आत्याचं, आईचं.

कामांच्या यादीत 'धवल्यांचं रेकॉर्डिंग — यज्ञेश' असं माझ्याच अक्षरात आहे. मी धवले म्हणत होतो. रेकॉर्डिंग कोणी केलेलं नाही. दिपेशने केलंय, पण ती मी झेलायला विसरलो तेव्हाची सहा सेकंदं आहेत आणि त्यात तो स्वतः हसतोय. माझ्या मोबाइलमध्ये जुनी अठ्ठेचाळीस सेकंदांची क्लिप आहे. तेजल म्हणाली, ती नको.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, मग तूच म्हण.

मी मान हलवली, घशाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, असेल तशी म्हण.

चिखलोलीच्या अलीकडे सुरुवात केली. वरचे सूर निघाले नाहीत, खालचेही नाहीत, मधले दोन-तीन निघाले, तेही खरखर करत. विहिरीवरून, खळ्यावरून, शाळेच्या गेटवरून. मागून तेजल झेलत होती. अंबरनाथ येईपर्यंत चार वेळा म्हटली.

दारात गाडी थांबली. तिकडच्या बायका ओवाळायला पुढे आल्या, तेजल उतरली. हेमचंद्र शेवटी उतरला. दिवसभरात माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. खिडकीशी वाकून हळूच विचारलं, दादा, गाडीत टेप नाही का बसवला?

मी म्हणालो, नाही.